लेझर पॉइंटर वेगाने चालू-बंद करताना नेमकं अडतं कुठे?

कोलबाडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भाची इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या ठाण्यात आमच्याकडेच राहते. लेझरच्या झोतावरून आधी आवाज आणि जमलं तर डेटा पाठवायचा, असा तिचा प्रकल्प आहे. आत्ताची जुळणी अशी: किचेनला लावतात तो लाल पॉइंटर, त्यातले तीन बटनसेल काढून त्यांच्या जागी वायरी सोडल्यात आणि बाहेरून ४.५ व्होल्ट दिलेत. खालच्या बाजूला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला ४७० ओहम, आणि आर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाकडून चौकोनी लहर. समोरच्या टोकाला बागेतल्या सोलर दिव्यातून काढलेला सेल, त्यावर १ किलोओहम, आणि कॉलेजातून परवानगी काढून आणलेला ऑसिलोस्कोप (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र).

१०० हर्ट्झला छान चौकोनी लहर दिसते. १ किलोहर्ट्झला कोपरे पार गोल होतात. ५ ला बारीकशी थरथर उरते आणि २० किलोहर्ट्झला सपाट रेघ. भिंतीवरचा ठिपका मात्र दिसतो, म्हणजे लेझर पेटतोय नक्की.

लेझर डायोडच इतका मंद असतो का? ट्रान्झिस्टर बदलू का? आणि अडचण कुठे आहे ते अंदाजाने नाही, मोजून कसं शोधायचं? भाचीला कारण कळायला हवं, नुसता उपाय सांगून भागणार नाही.

वागळे_जुना

ट्रान्झिस्टरच्या भानगडीत पडण्यापेक्षा छोटा ५ व्होल्टचा रिले लावून बघा. चालू म्हणजे पूर्ण चालू, बंद म्हणजे पूर्ण बंद.

सानपाडा_सर्किट

वागळे काका, रिलेची पट्टी हलायलाच काही मिलिसेकंद जातात. शंभर हर्ट्झच्या आसपासच तो हातपाय गाळेल, शिवाय संपर्क मिटताना उसळतो आणि एकाच्या जागी चार-पाच ठोके जातात. इथे नको.

कोलबाडकर, पहिली गोष्ट: लेझर डायोडवर अजिबात संशय घेऊ नका. साध्या लाल डायोडचा नुसता चिप शेकडो मेगाहर्ट्झला सहज चालू-बंद होतो. याच कुळातले डायोड डीव्हीडी रायटरमध्ये आयुष्यभर तेच काम करत होते. तुमच्या २० किलोहर्ट्झशी त्याचं काही देणंघेणं नाही. मंद आहे ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. तुमच्या साखळीत मला तीन संशयित दिसतात: पॉइंटरमधली चिमुकली पाटी, बीसी ५४७ आणि तो सोलर सेल. तिघांचाही हिशोब करता येतो.

पाटीपासून सुरुवात. अनेक पॉइंटरच्या पितळी नळीत डायोडमागे एक छोटा पीसीबी असतो. स्वस्तातल्या स्वस्त नमुन्यात त्यावर फक्त एक रेझिस्टर असतो, पण जरा बऱ्या पॉइंटरमध्ये दोन ट्रान्झिस्टरचं स्वयंचलित पॉवर नियंत्रण असतं. लेझरच्या डबीतच मागच्या बाजूला एक फोटोडायोड बसवलेला असतो. तो प्रकाश मोजतो आणि सर्किट त्यावरून प्रवाह कमी-जास्त करतं. या नियंत्रणाचं कामच मुळी प्रकाश स्थिर ठेवायचं, आणि तुम्ही त्याला सांगताय की सेकंदाला वीस हजार वेळा बदल. वर पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये एक कपॅसिटर बसलेला असतो. समजा तो १० मायक्रोफॅरडचा आहे, डायोड २५ मिलीअँपिअर खातो आणि विझण्याआधी व्होल्टेज एक व्होल्टने उतरावं लागतं. १० मायक्रो गुणिले १, भागिले २५ मिली, म्हणजे ४०० मायक्रोसेकंद. ट्रान्झिस्टर बंद झाल्यावरही लेझर एवढा वेळ साठलेल्या चार्जवर पेटत राहणार. १ किलोहर्ट्झचा अर्धा आवर्त ५०० मायक्रोसेकंदांचा आणि २० किलोहर्ट्झचा फक्त २५. तुम्हाला दिसलेलं सगळं चित्र या एका हिशोबात बसतं.

बीसी ५४७ तसा वाईट नाही, पण ४७० ओहममधून तुम्ही त्याच्या बेसमध्ये ९ मिलीअँपिअर कोंबताय. कलेक्टरला हवेत २५. इतकी गरजच नाही. बेस असा तुडुंब भरला की बंद करताना तिथला साठलेला चार्ज उपसायला वेळ लागतो, आणि हा ट्रान्झिस्टर चालू पटकन होतो पण बंद व्हायला रेंगाळतो. १.५ किलोओहम लावा, त्याला समांतर एक-दोनशे पिकोफॅरडचा सिरॅमिक टाका. नाहीतर सरळ २एन७००० मॉसफेट घ्या, एवढ्याशा प्रवाहाला उत्तम, आणि ५ व्होल्टवर नीट उघडतो. गेटला १०० ओहम पुरे. फक्त दुकानदाराने आयआरएफझेड४४ हातात ठेवला तर घेऊ नका. तो मोटर फिरवायचा गडी. ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही आणि गेटची कपॅसिटन्सही बरीच जास्त.

सोलर सेलबद्दल ऐरोलीच्या ताई सांगतील, त्यांचा रोजचा विषय आहे.

खारेगाव_टोकनाका

पाटीवरचा कपॅसिटर सोल्डरिंग गनने उडवून टाका, विषय संपला. मी केलंय, चालतं.

सानपाडा_सर्किट

नुसता रेझिस्टर असलेल्या पाटीवर चालेल. पॉवर नियंत्रण असलेल्या पाटीवर मी हे कुणालाही सुचवणार नाही. तिथला एक कपॅसिटर ते नियंत्रण डळमळू नये म्हणूनच ठेवलेला असतो. तो काढला तर लूप स्वतःच झोके घ्यायला लागू शकतो, आणि झोक्याच्या माथ्यावर डायोडमधून झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह जातो. लेझर डायोड अशा वेळी नॅनोसेकंदांत खराब होतो. नंतर तो मंद लाल एलईडीसारखा पेटतो, त्यामुळे मेलाय हे लवकर लक्षातही येत नाही.

त्यापेक्षा पॉइंटर बाजूला ठेवा आणि केवाय-००८ नावाचं मॉड्यूल आणा. ६५० नॅनोमीटर, ५ मिलीवॉट. त्याच्या पितळी डोक्यात फक्त डायोड आणि एक रेझिस्टर असतो. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळेल. ठाण्याहून जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, स्टेशनपासून पायीच आहे.

ऐरोली_प्रयोगशाळा

आले. कोलबाडकर, मी पदार्थविज्ञान शिकवते आणि दरवर्षी निम्मी मुलं हाच सोलर सेल घेऊन येतात, त्यामुळे मनापासून लिहिते.

सोलर सेल हाही फोटोडायोडच, पण अवाढव्य. क्षेत्रफळ मोठं म्हणून कपॅसिटन्स मोठी, आणि तुम्ही त्याला उलटा बायसही (उलट दिशेने लावलेलं व्होल्टेज, त्याने कपॅसिटन्स घटते) दिलेला नाही. समजा त्याची कपॅसिटन्स ०.१ मायक्रोफॅरड निघाली. १ किलोओहमशी गुणली की १०० मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक. म्हणजे १.६ किलोहर्ट्झच्या पुढे सिग्नल उतरणीलाच लागला. लेझरची बाजू तुम्ही कितीही सुधारा, हा सेल सगळं पुसून टाकेल. पडताळून पाहायला सोपं आहे: १ किलोओहमच्या जागी १०० ओहम लावा. सिग्नलची उंची घटेल, पण कोपरे धारदार झाले तर गुन्हेगार सेल. तसेच गोल राहिले तर दोष पाठवणाऱ्या बाजूचा. अंदाज न बांधता मोजायचं म्हणजे हेच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एलडीआर, म्हणजे प्रकाशाने रोध बदलणारा रेझिस्टर, वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. तो पडत्या प्रकाशाला प्रतिसाद द्यायला कित्येक मिलिसेकंद घेतो आणि अंधारात परतायला त्याहून जास्त.

बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड घ्या. कॅथोड ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धनाकडे, अ‍ॅनोड रेझिस्टरमधून ऋणाकडे, आणि सिग्नल रेझिस्टरवर मोजायचा. बायस शून्य असताना त्याची कपॅसिटन्स ७० पिकोफॅरडच्या आसपास असते, ३ व्होल्ट उलटा बायस दिला की ती २५ वर येते. १ किलोओहमवर उठायला साधारण १०० नॅनोसेकंद. लाल प्रकाशाला एका मिलीवॉटमागे साधारण ०.४ मिलीअँपिअर देतो, म्हणजे १ किलोओहमवर ०.४ व्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायर न लावताही स्कोपवर लख्ख दिसतं.

नेरुळ_सेक्टर

टीव्ही रिमोटचा रिसीव्हर टीएसओपी १७३८ वापरला तर? त्यात अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर सगळं आयतंच असतं.

ऐरोली_प्रयोगशाळा

लाल लेझरला नाही चालणार. त्याचं काळं आवरण दृश्य प्रकाश अडवायलाच असतं, तो ९५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी बनवलाय. अगदी जवळून झोत मारला तर थोडंफार झिरपून काम झाल्यासारखं वाटतं आणि अंतर वाढवलं की गप्प. शिवाय तो ३८ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीचे तुटक पुंजके मागतो. आवाज किंवा सलग डेटा त्यातून जात नाही.

कोलबाडकर

मी भाची लिहितेय, मामांच्याच आयडीवरून. ताई, तुमची १०० ओहमची चाचणी केली. कोपरे सुधारले, पण पूर्ण नाही. बंद होतानाची उतरण अजून लांब शेपटीसारखी आहे, चालू होतानाची बाजू बरीच उभी. म्हणजे दोघंही दोषी, सेल आणि पॉइंटरची पाटी. बरोबर ना?

दोन शंका. घरी स्कोप नसेल तेव्हा लेझर खरंच चालू-बंद होतोय हे कसं बघायचं? आणि मैत्रिणीकडे हिरवा पॉइंटर आहे, तो जास्त प्रखर दिसतो. तो घेतला तर लांबवर जाईल का?

सानपाडा_सर्किट

अगदी बरोबर वाचलंस. पेटताना कपॅसिटर ट्रान्झिस्टरमधून झटकन भरतो, विझताना त्याला फक्त डायोडमधूनच रिकामं व्हायचं असतं. म्हणून शेपटी एकाच बाजूला.

स्कोपशिवाय पाहायचं तर ठिपका भिंतीवर वेगाने फिरव. १ किलोहर्ट्झ असताना तीन मीटरची भिंत ०.१ सेकंदात ओलांडलीस तर शंभर तुकड्यांची तुटक रेघ दिसेल, तीन-तीन सेंटिमीटरवर एक तुकडा. तुकड्यांच्या कडा स्वच्छ असतील तर लेझर खरंच विझतोय. नुसती फिकट-गडद रेघ असेल तर कपॅसिटर त्याला विझू देत नाहीये. तीन-चार किलोहर्ट्झनंतर ठिपक्याची स्वतःची रुंदी आड येते. दुसरी युक्ती म्हणजे मोबाइलचा कॅमेरा. तो चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे भिंतीवरच्या पसरट ठिपक्यात आडवे पट्टे दिसतात. कॅमेरा भिंतीकडे, झोताकडे कधीच नाही. लेझर सरळ आत गेला तर सेन्सरवर कायमचा डाग पडतो.

ऐरोली_प्रयोगशाळा

हिरव्याबद्दल मी सांगते, कारण इथे खरोखर वेगळं भौतिकशास्त्र आहे. बाजारातल्या बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, तो निओडायमियम मिसळलेल्या व्हॅनाडेट स्फटिकाला उद्दीपित करतो, स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा लेझर निघतो आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा देतो. त्या निओडायमियमच्या वरच्या ऊर्जापातळीचं आयुष्य शंभरेक मायक्रोसेकंदांचं. तिथे ऊर्जा साठते आणि ओसरते, त्यामुळे तुझा ट्रान्झिस्टर कितीही चपळ असला तरी हिरवा झोत थोड्या किलोहर्ट्झपुढे ऐकत नाही. पेटताना आधी तीक्ष्ण शिखरं येतात, मग तो स्थिरावतो. तापमान बदललं की तेही बदलतं. ज्यांत ५२० नॅनोमीटरचा थेट हिरवा डायोड असतो ते मात्र लालसारखेच चपळ.

प्रखर दिसतो तो मुख्यतः आपला डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील म्हणून. तुझ्या सिलिकॉन फोटोडायोडला उलट लालच थोडा जास्त आवडतो. आणि एक नीट लक्षात ठेव: स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये अवरक्त अडवणारा फिल्टर कित्येकदा बसवलेलाच नसतो. जो प्रकाश दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. लालच घे.

उलवे_पूल

मध्येच बोलतो, पण लांबवरच्या झोताचा विषय निघालाय म्हणून. आमच्याकडे नवी मुंबईचा विमानतळ आलाय, २०२५ मध्ये उद्घाटन झालं. गच्चीवरून, येऊरच्या रस्त्यावरून वगैरे झोत आकाशात सोडू नका. कॉकपिटच्या काचेवर तो पसरतो आणि उतरताना वैमानिकाला समोरचं दिसेनासं होतं. त्यावर पोलीस कारवाई होते. गणपतीच्या मिरवणुकांतल्या लेझरमुळे लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

ऐरोली_प्रयोगशाळा

पूर्ण सहमत. आणि वेगाने चालू-बंद केला म्हणून लेझर निर्धोक होत नाही. निम्मा वेळ बंद असला तर सरासरी निम्मी होते एवढंच. ठोक्याच्या वेळी डोळ्यात पूर्ण ५ मिलीवॉट जातात. दृश्य प्रकाशात एक मिलीवॉटपर्यंतचा लेझर सुरक्षिततेच्या वर्ग २ मध्ये येतो, तिथे पाव सेकंदात पापणी मिटते यावर भिस्त ठेवता येते. ५ मिलीवॉटचा थ्री-आर वर्ग त्याच्या पुढचा. झोत बसल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर नको, शेवटी काळा पुठ्ठा हवाच, आणि आरसे, स्टीलची भांडी, घड्याळाच्या काचा वाटेतून काढा. दोन इमारतींमधून, रस्त्यावरून तर नकोच.

कोलबाडकर

भाचीच. केवाय-००८ आणि बीपीडब्ल्यू ३४ मिळाले, २एन७००० पण. आता १०० किलोहर्ट्झला लहर चौकोनी आहे!! मामा स्कोपसमोरून उठायला तयार नाहीत. आर्डुइनोमधून याच्या पुढे कसं जायचं? पिन चालू-बंद करणाऱ्या डिजिटलराइट आज्ञेने लूप लिहिला तर सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास अडतंय आणि मध्येच एखादा ठोका लांबतो.

सानपाडा_सर्किट

वा! डिजिटलराइटला एका हाकेला तीन-चार मायक्रोसेकंद लागतात, आणि मध्येच एखादा ठोका लांबतो तो मिलिसेकंद मोजणाऱ्या टायमरच्या इंटरप्टमुळे. लूप लिहूच नकोस, आर्डुइनोच्या चिपमधल्या टायमर १ ला काम दे. त्याची पिन हार्डवेअरच उलटवतं, १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ८ मेगाहर्ट्झपर्यंत. आवाजासाठी ८ बिटचं जलद पीडब्ल्यूएम (ठोक्याची रुंदी बदलण्याची पद्धत) ठेव: १६ मेगाहर्ट्झ भागिले २५६, म्हणजे ६२.५ किलोहर्ट्झची वाहक लहर. आवाज ठोक्याच्या रुंदीत बसतो, आणि समोर एक रेझिस्टर-कपॅसिटर लावला की परत मिळतो. प्रवाह कमी-जास्त करून आवाज पाठवण्यापेक्षा हे बरं, कारण उंबरठ्याच्या प्रवाहाखाली (ज्याच्या वर खरा लेझर झोत सुरू होतो) लेझर नुसता मिणमिणतो आणि आवाजाचा तेवढा भाग चिरफाळतो.

मेगाहर्ट्झला जायचं तर मॉसफेटही नको. ७४एचसी०४ मध्ये सहा इन्व्हर्टर असतात. पहिल्याला आर्डुइनोची लहर दे, त्याचं आउटपुट उरलेल्या पाचांना समांतर. प्रत्येकाच्या वाट्याला ५ मिलीअँपिअर येतात, झेपतात. केवाय-००८ च्या डोक्यात ९० ओहमच्या जवळपासचा रेझिस्टर असतोच, तरी बाहेरून २२ किंवा ३३ ओहमचा आणखी एक टाक. आयसीच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरड, आणि लेझरच्या वायरी बोटभरच ठेव. लांब वायरीत इंडक्टन्स असतो, प्रवाह तोडला की उलटा झटका येतो, आणि हे डायोड उलट दिशेने जेमतेम दोन व्होल्ट सोसतात.

घोडबंदर_गच्ची

१८८० साली ग्रॅहॅम बेल आणि टेंटर यांनी हेच सूर्यप्रकाशावर केलं होतं. बोलण्याने थरथरणारा आरसा, पलीकडे सेलेनियमचा सेल, आणि २१३ मीटरवर आवाज पोचला. भाचीच्या अहवालात हा संदर्भ जरूर यावा.

ऐरोली_प्रयोगशाळा

मेगाहर्ट्झपर्यंत आलीच आहेस तर प्रकाशाचा वेग मोज. मी खरंच सांगतेय, आता तुझ्या टेबलावर सगळं सामान आहे. प्रकाश ३० सेंटिमीटर जायला एक नॅनोसेकंद घेतो. २० मीटरच्या पॅसेजच्या टोकाला आरसा लावलास तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे १३३ नॅनोसेकंद. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर हा फरक डोळ्यांना दिसतो.

स्कोपचा ट्रिगर (मोजणी सुरू करायची खूण) ७४एचसी०४ च्या आउटपुटवरून घे. फोटोडायोडवरचा रेझिस्टर ५० ओहमचा कर. ५ मिलीवॉट पोचले तर १०० मिलिव्होल्ट मिळतील. आधी आरसा लेझरसमोर अगदी जवळ ठेवून कड कुठे येते ते टिप, मग आरसा लांब नेऊन पुन्हा. केबल दोन्ही वेळा तीच हवी, को-अ‍ॅक्समध्ये सिग्नल एका मीटरला जवळपास ५ नॅनोसेकंद घेतो. इंटिग्रेटेड सर्किटचा, डायोडचा, केबलचा सगळा उशीर वजाबाकीत निघून जातो.

कोलबाडकर

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून रात्री उशिरा केलं. आमच्या मजल्याचा पॅसेज १८ मीटर, म्हणजे ३६ मीटरचा फेरा आणि १२० नॅनोसेकंद अपेक्षित. दोन्ही टोकांना माणूस उभा होता, झोत गुडघ्याखाली. आले १३५. लांबून ठिपका पसरतो, सिग्नल निम्म्याहून कमी होतो. १५ नॅनोसेकंद कुठून आले? - भाची

ऐरोली_प्रयोगशाळा

सिग्नल लहान झाला, तिथूनच. दोन्ही वेळा तू कड समजा ३० मिलिव्होल्टला मोजलीस. मोठा सिग्नल ती उंची चढाच्या सुरुवातीलाच ओलांडतो, लहान सिग्नल वर पोचता पोचता. तुझ्या कडेचा चढ काही दहा नॅनोसेकंदांचा आहे, तेवढा फरक सहज पडतो. प्रत्येक सिग्नल त्याच्या स्वतःच्या निम्म्या उंचीवर मोज. नाहीतर जवळच्या मोजणीत फोटोडायोडसमोर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरून दोन्ही उंच्या सारख्या कर. लांबच्या बाजूला साधं बहिर्गोल भिंग ठेवून ठिपका गोळा केलास तर आणखी उत्तम.

कोलबाडकर

ट्रेसिंग पेपर लावला, भिंगही लावलं. १२२ आले, एखाद्या रेघेचा मागेपुढे. ३६ भागिले १२२ नॅनोसेकंद, सेकंदाला २.९५ लाख किलोमीटर. मामांनी पॅसेजमध्ये सगळ्या शेजाऱ्यांना गोळा केलं होतं.

सानपाडा_सर्किट

शाब्बास पोरी! अहवालात १३५ ची मोजणीसुद्धा ठेव, ती का आली त्या कारणासकट. स्कोप परत करण्याआधी २ मेगाहर्ट्झवरची लेझरची लहर आणि ७४एचसी०४ ची लहर एकाच पडद्यावर घेऊन फोटो काढून इथे टाक. चालू होताना डायोड काही नॅनोसेकंद उशीर करतो, प्रवाह उंबरठ्याच्या जरा वर टिकवून ठेवला तर तो उशीर कमी होतो.  मात्र एकूण प्रवाह ३० मिलीअँपिअरच्या पुढे जाता कामा नये. प्रत्येक डायोडचा उंबरठा वेगळा.